भूमितीचा पहिला धडा : ‘कशावरून?’

स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काहीतरी लिहा, असा आग्रह संपादक मंडळाने केला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही पेशाने बँकेतील कारकून आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. शाळेत असताना भूमितीची प्रमेये आम्ही कविता पाठ करावी तशी पाठ केली, परीक्षेत उतरवून काढली आणि निकाल लागताच विसरलो. असा मनुष्य भूमितीवर लिहितो म्हटल्यावर गणिताचे जाणकार हसतील. परंतु गेली काही वर्षे रविवारी सकाळी विहाराच्या सभागृहात आठवी ते दहावीच्या मुलामुलींना भूमिती शिकवण्याचे काम आमच्या वाट्याला आले. दुसरे कोणी मिळाले नाही, हे त्यामागचे खरे कारण! त्या कामात आमच्या हातून ज्या चुका झाल्या आणि त्यांतून आम्ही जे शिकलो, ते सभासद बंधू-भगिनींपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१) भूमिती आणि आपली भूमी

‘भूमिती’ म्हणजे भूमीचे मापन. ग्रीक भाषेतून आलेल्या ‘जॉमेट्री’ या शब्दाचाही अर्थ तोच. नाईल नदीच्या पुराने शेताचा भाग वाहून गेला की सारा ठरवण्यासाठी शेत पुन्हा मोजावे लागे आणि त्यातूनच ही विद्या जन्मली असावी, असे हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. आपल्याकडील ‘शुल्बसूत्रां’मधील ‘शुल्ब’ या शब्दाचा अर्थ दोरी असा आहे. फळा आणि खडू येण्याच्या कितीतरी आधी भूमिती दोरी-खुंटी घेऊन उघड्या जमिनीवर वावरत होती.

जमिनीच्या मापाचे मोल जासईकरांना वेगळे सांगायला नको. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेण्याचे ठरले. १६ व १७ जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचा जन्म याच जासई गावी १३ जानेवारी १९२६ रोजी झाला. या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश. एक एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन गेली तर ५ गुंठे. सार्वजनिक सोयींसाठी त्यातले तीस टक्के वजा होऊन हाती पावणेनऊ टक्के उरतात, म्हणजे साडेतीन गुंठे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१ चौरस मीटर. हा हिशेब ज्याला स्वतः मांडता येतो तो कार्यालयात गेला की प्रश्न विचारतो. ज्याला येत नाही तो अंगठा नाहीतर सही करून घरी येतो.

आपल्या समाजातील पुष्कळांकडे शेतजमीन नव्हती. म्हणून मोजणीशी त्यांचा संबंध येत नाही असे नाही. गृहकर्जाचे कागद आम्ही बँकेत रोज पाहतो. ‘५० चौरस मीटर म्हणजे किती फूट?’ असे विचारले तर चांगली शिकलेली मुलेही ५० ला ३.२८ ने गुणून १६४ सांगतात. खरे उत्तर सुमारे ५३८ चौरस फूट आहे. मीटर हे लांबीचे माप, चौरस मीटर हे क्षेत्रफळाचे. लांबी ३.२८ पट झाली की क्षेत्रफळ ३.२८ गुणिले ३.२८, म्हणजे सुमारे १०.७६ पट होते. एवढा एक मुद्दा नीट समजला तर आयुष्यभराचे काम भागते.

२) आमची पहिली चूक

पहिल्या वर्षी आम्ही पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. बिंदूला लांबी, रुंदी, जाडी नसते. रेषेला लांबी असते, रुंदी नसते. व्याख्या लिहून दिल्या, पाठ करून घेतल्या. तिसऱ्या रविवारी आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, बिंदूला काहीच नसते, तर मग तुम्ही फळ्यावर काढलात तो काय?” वर्ग हसला. आम्हांला उत्तर सुचेना, म्हणून “पुढे कळेल” असे सांगून वेळ मारून नेली. पुढचा पूर्ण आठवडा तो प्रश्न आमच्या डोक्यात घोळत होता.

उत्तर सापडले ते शेताच्या बांधावर. दोन शेतांमध्ये बांध असतो. बांधाला रुंदी असते, त्यावरून माणूस चालतो, गवत कापतो. पण या शेताची हद्द कुठे संपते आणि त्या शेताची कुठे सुरू होते, असे विचारले तर जे उत्तर येईल त्याला रुंदी नाही. हद्दीलाच रुंदी असती, तर ती रुंदी कोणाच्या मालकीची म्हणून दोन भाऊ भांडले असते! बांध दिसतो, हद्द मनाने जाणावी लागते. फळ्यावरची खडूची रेघ हा बांध आहे आणि भूमितीतली रेषा ही हद्द आहे. तशा दोन हद्दी जिथे मिळतात तो बिंदू. पुढच्या रविवारी हे सांगितले तेव्हा त्या मुलीने मान डोलावली. तेव्हापासून आम्ही एक नियम केला : आधी वस्तू, मग आकृती आणि शेवटी व्याख्या.

३) शंकरपाळीचे कोडे

एकदा फळ्यावर चौरस काढून नाव विचारले. सर्वांनी ‘चौरस’ म्हणून सांगितले. तोच चौरस पुसून, तेवढ्याच मापाचा पण कोपऱ्यावर उभा असलेला काढला. उत्तर आले, “शंकरपाळी!” एकाने ‘समभुज चौकोन’ म्हटले, तेही चूक नव्हते. पण तो चौरस उरला आहे असे मात्र कोणालाच वाटले नाही. त्रिकोणाचेही तेच. पाया आडवा आणि टोक वर असेल तरच तो त्रिकोण! शिरोलंब त्रिकोणाच्या आतच पडतो अशीही त्यांची ठाम समजूत. विशालकोन त्रिकोणात तो बाहेर पडलेला दाखवला तेव्हा ‘सर चुकले’ अशी कुजबुज झाली.

यात मुलांचा दोष नाही. हॉलंडमधील पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने १९५७ साली आपल्या प्रबंधांत दाखवून दिले की भूमितीची समज पायरीपायरीने वाढते. पहिल्या पायरीवर मूल आकृती नुसती चेहऱ्यावरून ओळखते. दुसरीवर तिचे गुणधर्म सांगते : चार बाजू सारख्या, चार कोन काटकोन. तिसरीवर गुणधर्मांचे परस्परांशी नाते जुळवते, म्हणून प्रत्येक चौरस हा समभुज चौकोन असतो हे त्याला पटते. चौथीवर ते सिद्धता मांडू शकते आणि त्याही पुढची एक पायरी उच्च गणिताची आहे. मधली पायरी गाळता येत नाही. नववीचे पुस्तक चौथ्या पायरीवरून बोलत असते आणि मूल पहिल्या पायरीवर उभे असते. मग पाठांतरावाचून त्याच्या हाती काय राहते?

म्हणून घरच्या घरी करता येईल असा पहिला अभ्यास हा की, प्रत्येक आकृती निदान तीन दिशांनी फिरवून काढावी. वही फिरवली म्हणून आकृतीचा गुणधर्म बदलत नाही.

४) काड्या, सुतळी आणि गवंडीकाका

पुण्यात ‘आयुका’ संस्थेत मुलांसाठी अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्या सामानातून भूमिती शिकवण्याची युक्ती देशभर पोहोचवली. ती आम्ही उचलली. तीन काड्या जोडून केलेला त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोट लावताच कलंडतो आणि त्याची शंकरपाळी होते. त्यात एक कर्ण बसवला की तो ताठ उभा राहतो, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले. छपराच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यात सगळीकडे त्रिकोण का असतात, हे मुलांनी त्या दिवशी स्वतःच सांगितले.

नंतर वस्तीतल्या एका गवंडीकाकांना वर्गात बोलावले. ते शाळा फार शिकलेले नाहीत. त्यांनी सुतळीवर एका बाजूला ३ फुटांवर, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण केली आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत सुतळी सरकवली. “झाला काटकोन. गुण्या लहान पडतो तेव्हा आम्ही हेच करतो.” ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५ आणि ५ चा वर्गही २५. पायथागोरसचे प्रमेय वर्षानुवर्षे आपल्या वस्तीत सुतळी धरून काम करत होते, आपण मात्र ते परीक्षेच्या भीतीने घोकत होतो!

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती आणखी मोलाची. जोत्याच्या समोरासमोरच्या भिंती सारख्या भरल्या म्हणून खोली काटकोनात आहे असे समजू नये, दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच खोली आयताकृती. पुस्तकात हेच असे दिलेले असते : समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकरूप असतील तर तो आयत असतो.

कर्कटकाचा सराव आम्ही राष्ट्रध्वजावरील अशोकचक्रावर घेतो. २४ आरे, वर्तुळाचे ३६० अंश, म्हणून दोन आऱ्यांत १५ अंश. कोनमापकाला हात न लावता हे काढायचे. त्रिज्येएवढेच अंतर कर्कटकात धरून परिघावर खुणा केल्या की ६० अंश मिळतात. त्याचा दुभाजक ३०, पुन्हा दुभाजक १५. चक्र पूर्ण करून शेवटचा आरा पहिल्याशी नेमका जुळला की मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो गुणपत्रिकेपेक्षा कमी नसतो.

५) १७८, १८१ आणि १८०

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते हे सर्वांना पाठ असते. आम्ही प्रत्येकाला आपापला त्रिकोण काढून कोन मोजायला सांगितले. कोणाची बेरीज १७८ आली, कोणाची १८१. पुष्कळांनी १८० लिहिले. जवळ जाऊन पाहिले तर त्यांतल्या काहींनी दोनच कोन मोजले होते आणि तिसरा ‘बसवला’ होता. ज्यांनी १७८ लिहिले होते ते खाली मान घालून बसले होते.

त्या दिवशी आम्ही १७८ वाल्यांचे कौतुक केले. कोनमापक जाड असतो, पेन्सिल बोथट असते, डोळा चुकतो. मोजणीत एक-दोन अंश इकडेतिकडे व्हायचेच. जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिणे हा शास्त्राचा पाया आहे.

पण मग १८० हा आकडा आला कोठून? कागदाच्या त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी ठेवले तर सरळ रेषा होते. हे पाहून पटते, पण ते एकाच त्रिकोणाबद्दल. जगातले सगळे त्रिकोण फाडून पाहता येत नाहीत. म्हणून सिद्धता हवी. त्रिकोण अबक घ्या. अ मधून बक ला समांतर रेषा काढा. ब चा कोन वरच्या एका बाजूच्या व्युत्क्रम कोनाएवढा, क चा कोन दुसऱ्या बाजूच्या व्युत्क्रम कोनाएवढा, आणि मध्ये अ चा कोन. तिघे मिळून सरळ कोन झाला, म्हणजे १८० अंश. यात माप कुठेच आलेले नाही, म्हणून त्रिकोण पोस्टाच्या तिकिटाएवढा असो वा शेताएवढा, निष्कर्ष तोच.

परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले आहे किंवा आपला गुरू सांगतो, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये, असा उपदेश कालाम सुत्तात आहे. भूमितीच्या तासाला आम्हांला त्याची नेहमी आठवण होते. शाळेच्या सर्व विषयांत हा एक विषय असा आहे की जिथे आठवीतली मुलगी गुरुजींना ‘कशावरून?’ असे विचारू शकते आणि गुरुजींना उत्तर द्यावेच लागते.

६) सव्वादोन गुंठ्यांची गोष्ट

आता घरची एक गोष्ट सांगतो. मापे सोयीसाठी पूर्णांकांत आणि मीटरमध्ये घेतली आहेत.

आमच्या मूळ गावी वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी झाली ती गावातल्या जाणत्यांसमोर. एक तुकडा चौरस, प्रत्येक बाजू ४५ मीटर. दुसरा तुकडा तिरका. त्याच्या बाजू ओळीने ३०, ४०, ६० आणि ५०. जाणत्यांनी दोरी फिरवली. दोन्हींचा घेर १८०. मग समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेतली : ३० आणि ६० ची ४५, ४० आणि ५० ची ४५. पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस, दोन्हीकडे २०२५ चौरस मीटर. ‘वाटणी समान’ असा निवाडा झाला. चौरस तुकडा चुलत्यांनी घेतला, तिरका आमच्या वडिलांनी.

पुढे सरकारी मोजणी झाली तेव्हा वडिलांचा तुकडा १८०० चौरस मीटरच भरला. २२५ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सव्वादोन गुंठे कमी. वडिलांना वाटले भावाने फसवले. चुलत्यांना वाटले मोजणीवाल्याला फितवून भाऊ आपल्यावर आळ घेतो. दोघांचे बोलणे बंद झाले ते कायमचे. दोघेही आता हयात नाहीत.

वर्गात क्षेत्रफळ शिकवताना आम्ही हाच तुकडा उदाहरण म्हणून फळ्यावर काढला आणि खरे सांगायचे तर आम्हीही सरासरीनेच २०२५ लिहून मोकळे झालो. ज्या मुलीने बिंदूचा प्रश्न विचारला होता तीच म्हणाली, “सर, कशावरून?” मग सगळा वर्ग कामाला लागला. चौकोन अबकड : अब ३०, बक ४०, कड ६०, डअ ५०. ब आणि क हे काटकोन. म्हणजे अब आणि कड समांतर, आकृती समलंब चौकोन आणि उंची ४०. समांतर बाजूंची बेरीज ९०, तिची निमपट ४५, गुणिले ४०, उत्तर १८००. पन्नासची बाजू तिरकी आहे, ती उंची नव्हे. सरासरीत तिलाही उंचीचा मान मिळाला, तिथेच सव्वादोन गुंठे कागदावर जास्तीचे उगवले.

पडताळा म्हणून शंकूसाखळीच्या जुन्या मोजणीची पद्धत वापरली. अक हा कर्ण ५० मीटर. त्यावर ब पासून लंब २४ आणि ड पासून लंब ४८. दोन त्रिकोण : ५० गुणिले २४ ची निमपट ६००, ५० गुणिले ४८ ची निमपट १२००. बेरीज पुन्हा १८००. आज भूमी अभिलेख खाते इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणि उपग्रहाशी जोडलेले रोव्हर वापरते, पण वेड्यावाकड्या शेताचे त्रिकोण पाडून क्षेत्रफळ काढण्याचे तत्त्व जुनेच आहे.

म्हणजे कोणीच कोणाला फसवले नव्हते. घेर सारखा म्हणजे क्षेत्र सारखे, ही समजूत आणि सरासरीचा ठोकताळा, या दोन चुकांनी दोन सख्खे भाऊ तोडले. तो कागद आम्ही चुलतभावाला नेऊन दाखवला. जमीन मागण्याचा प्रश्नच नव्हता. तो बराच वेळ आकृतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हे तेव्हा कोणाला येत असते तर?” त्यानंतर आमच्या घरात ‘त्यांनी फसवले’ हे वाक्य कोणी उच्चारलेले नाही.

७) विद्यार्थ्यांना आणि सभासदांना

विद्यार्थी मित्रहो, दहावीला भूमितीची ४० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. आकृती मोठी आणि पेन्सिलीने काढा. पक्ष आणि साध्य आपल्या शब्दांत मांडून मगच सिद्धतेला हात घाला. प्रत्येक पायरीसमोर कारण लिहा, ते सुचले नाही तर ती पायरी अजून आपली झालेली नाही असे समजा. आलेख कागदावर १ सेंटिमीटरला १० मीटर हे प्रमाण धरून आपल्या घराचा, विहाराचा, शाळेच्या मैदानाचा नकाशा काढा. त्यात १ चौरस सेंटिमीटर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर, अर्थात सातबारावरचा एक आर होतो. शंभर चौकटी म्हणजे एक हेक्टर.

सभासदांना विनंती एवढीच की, आपल्यात जे गवंडी, सुतार, वेल्डर, शिंपी आहेत त्यांनी वर्षातून एक रविवार अभ्यासिकेसाठी द्यावा. त्यांच्या हातात जी भूमिती आहे ती पुस्तकाच्या भूमितीला जोडून द्यायची आहे. ‘आमच्या घरात गणित कोणालाच आले नाही’ असे मुलांसमोर बोलू नये. मुलींसमोर तर मुळीच नाही. आणि मुलाने ‘कशावरून?’ असे विचारले तर त्याला उद्धट म्हणू नये.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्याच महिन्यात उरणपर्यंत रेल्वे आली. आपल्या परिसरात पूल, रस्ते आणि इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या नकाशांवर रेषा ओढणाऱ्या हातांत आपल्या मुलामुलींचे हात असावेत अशी आमची इच्छा आहे. ते नाही जमले तरी, आपल्यासमोर आलेला नकाशा उलगडून ‘हे क्षेत्र इतके, हे कशावरून?’ असे शांतपणे विचारणारा एकेक माणूस घराघरात तयार व्हावा. रविवारी सकाळी नऊ वाजता विहाराचे दार उघडे असते. कंपासपेटी नसली तरी चालेल. सुतळी आमच्याकडे आहे.